रक्तवाहिनीला फांदी फुटते तेव्हा: कापणारी एन्झाइम्स आणि त्यांना आवरणारे

ताम्रपट | सोमवार, रात्री १०:१२

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "गाठीचा रक्तपुरवठा तोडला की कॅन्सर आपोआप सुकणार. इतकं सोपं आहे तर अडलंय कुठे?" तिथे चार ओळी लिहायला बसलो आणि चाराच्या चाळीस झाल्या. तो धागा भरकटायला नको म्हणून हा वेगळा काढतोय. माझं बरंच काम पेशींच्या बाहेरच्या जाळीवर, म्हणजे मॅट्रिक्सवर झालंय. मी डॉक्टर नाही, तेव्हा कुठलं औषध घ्यावं हे कृपया मला विचारू नका.

नवी रक्तवाहिनी बहुतेक वेळा जुन्या वाहिनीलाच फांदीसारखी फुटते. या प्रकाराला अँजिओजेनेसिस म्हणतात. वाढ पूर्ण झालेल्या शरीरात हे मोजक्याच ठिकाणी चालतं: भरत असलेली जखम, पाळीच्या चक्रातला बीजकोश, गर्भाशयाचं अस्तर, गरोदरपणातली वार. एरवी वाहिनीच्या आतून अस्तरासारख्या बसलेल्या एंडोथेलियल पेशी वर्षानुवर्षं विभागत नाहीत, नुसत्या बसून असतात.

हाक आली की त्यांना उठावं लागतं, आणि उठायचं तर आधी स्वतःचीच भिंत फोडावी लागते. या पेशी ज्यावर बसतात ते बेसमेंट मेम्ब्रेन म्हणजे कोलॅजेन-४ आणि लॅमिनिनचं घट्ट विणलेलं पातळ कापड. त्याच्या पलीकडे कोलॅजेन-१ चे दोरखंड. हे कापणाऱ्या एन्झाइम्सचं मोठं कुटुंब आहे, मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेजेस, थोडक्यात एमएमपी. माणसात ती २३ आहेत. प्रत्येकाच्या कापणाऱ्या जागेत जस्ताचा एक अणू असतो. जस्त काढून घेतलं की कात्री बोथट.

पहिलं एमएमपी सापडलं ते बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत. १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांना प्रश्न पडला होता की बेडूकमासा मोठा होताना त्याची शेपटी जाते कुठे? त्यांनी शेपटीचे तुकडे कोलॅजेनच्या जेलवर ठेवले, तर तुकड्याभोवतालचं जेल विरघळत गेलं. कोलॅजेन हे भलतंच चिवट प्रथिन. शरीराच्या साध्या तापमानाला ते कापणारं काहीतरी ऊतीतच असतं, हे तेव्हा दिसलं.

अशी कात्री मोकळी सोडणं परवडणारं नाही, म्हणून तिच्यावर पहारेही तितकेच. एमएमपी तयार होतं ते म्यानासकट. म्यानातल्या सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाचं गंधक त्या जस्ताला धरून ठेवतं, त्यामुळे कात्री उघडतच नाही. दुसऱ्या एन्झाइमने म्यान कापलं की मगच ती चालू होते. आणि चालू झालेल्या कात्रीच्या तोंडात बसून तिला बंद पाडणारी चार प्रथिनं आहेत, टिम्प-१ ते टिम्प-४. त्यांचं काम एवढंच: एन्झाइमला अडवणं.

आता गंमत. ही कात्री रस्ता मोकळा करते एवढंच नाही. व्हीईजीएफ हा वाहिन्यांना वाढायला सांगणारा मुख्य निरोप. तो मॅट्रिक्समध्ये अडकवून ठेवलेला असतो, सीलबंद पाकिटासारखा. जाळी कापली की तो सुटतो. २००० साली उंदरांच्या स्वादुपिंडातल्या गाठींवर झालेल्या कामात दिसलं की एमएमपी-९ ने हा व्हीईजीएफ मोकळा केला की गाठ रक्तवाहिन्या ओढायला लागते. म्हणजे खोदकाम आणि आवतण दोन्ही एकाच एन्झाइमच्या हातात.

मग हे एन्झाइम बंद पाडलं की काम झालं? १९९० च्या दशकात जगातल्या मोठमोठ्या औषध कंपन्यांना हेच वाटलं होतं. त्या गोष्टीवर उद्या येतो, आज डोळे मिटतायत.

---

उगाचच | सोमवार, रात्री १०:३१

पहिला! पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

शीर्षक वाचून आधी वाटलं कुणाच्या तरी मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. पालवी फुटते तसं फुटणं आहे हे तिसऱ्या परिच्छेदात कळलं. हलकेच घ्या.

---

शब्दखोडी | सोमवार, रात्री ११:०४

लेख चांगला आहे, पण "एन्झाइम" कशाला? मराठीत "विकर" हा सुंदर शब्द आहे. इनहिबिटरला, म्हणजे एन्झाइमला आवरणाऱ्याला, "निरोधक". मातृभाषेत लिहिताना एवढं तरी करू या.

---

ताम्रपट | मंगळवार, सकाळी ७:५०

@शब्दखोडी, शाळेत विकरच शिकलो. पण एकदा घाईत "विकरांमुळे वाहिन्या वाढतात" असं लिहिलं आणि एक काना जास्त पडून विकरचा विकार झाला. तेव्हापासून एन्झाइम. निरोधक मात्र घ्यायला हरकत नाही, फक्त तो शब्द दुकानात वेगळ्याच वस्तूच्या पाकिटावर असतो. अवरोधक म्हणू.

---

शब्दखोडी | मंगळवार, सकाळी ८:१५

अवरोधक मान्य.

---

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, दुपारी १:२०

उत्तम मांडणी. एका वाक्याला मात्र अडखळलो. टिम्पबद्दल तुम्ही म्हणता, "त्यांचं काम एवढंच: एन्झाइमला अडवणं." एवढंच नाही ना. दोन गोष्टी.

एक, टिम्प-३ सरळ व्हीईजीएफच्या ग्राहकावर (म्हणजे निरोप झेलणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनावर, रिसेप्टरवर), व्हीईजीएफआर-२ वर जाऊन बसतं आणि निरोप पोचूच देत नाही. कात्रीशी काही संबंध नसताना. २००३ मध्ये हे दाखवलं गेलं.

दोन, टिम्प-२ तर उलटंच वागतं. पेशीच्या पडद्यावर एमटी१-एमएमपी नावाची कात्री रोवलेली असते. टिम्प-२ चं डोकं तिच्या तोंडात बसतं, आणि शेपटीकडून ते म्यानातल्या एमएमपी-२ ला धरतं. असं ते एमएमपी-२ ला पेशीच्या दारात आणून उभं करतं. मग शेजारची दुसरी, रिकामी एमटी१-एमएमपी येऊन म्यान कापते. म्हणजे टिम्प-२ थोडं असेल तर एमएमपी-२ चालू होतं. टिम्प-२ भरपूर झालं की शेजारी रिकामी कात्रीच उरत नाही, आणि सगळं ठप्प. एकच रेणू, थोडा असला तर आणून सोडणारा, जास्त झाला तर अडवणारा.

---

ताम्रपट | मंगळवार, दुपारी १:४८

चूक कबूल. "एवढंच" हा शब्द रात्री झोपेत पडला. टिम्प-२ चं मी आजच्या भागासाठी राखून ठेवलं होतं, तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगितलंत.

---

जिज्ञासा_२ | मंगळवार, दुपारी ३:०५

वाचतेय. थोडं इस्कटून सांगाल का? अवरोधक कमी असला तर एन्झाइम चालतं हे कळलं. पण अवरोधक अजिबातच नसला तर? एन्झाइम मोकाट सुटेल आणि खूप वाहिन्या होतील ना?

---

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, दुपारी ३:४०

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुम्हाला खुर्ची द्यायला हवी. उत्तर "नाही" असं आहे, आणि ते पचायला आमच्या क्षेत्राला वेळ लागला.

एमएमपीखेरीज कापणारी दुसरी यंत्रणा रक्तात असते, प्लाझ्मिनची. रक्ताची गुठळी विरघळवणारं तेच प्लाझ्मिन. प्लाझ्मिनोजेन या निष्क्रिय रूपाला यूपीए आणि टीपीए ही एन्झाइम्स जागं करतात. त्या दोघांना आवरणारा म्हणजे पीएआय-१. प्रयोगशाळेत आम्ही त्याला "पाय"च म्हणतो. प्लाझ्मिन जाळी कापतं, वर काही एमएमपींचं म्यानही काढतं. तेव्हा ज्या उंदरात पाय-१ चं जनुकच नाही त्यात गाठ चेकाळून वाढेल, हा सगळ्यांचा अंदाज.

१९९८ मध्ये अशा उंदरांत कॅन्सरच्या पेशी बसवल्या गेल्या. गाठ ना आत घुसली, ना तिला रक्तवाहिन्या आल्या. पाय-१ चं जनुक विषाणूच्या मार्फत परत दिलं, तर दोन्ही सुरू.

कारण बरंचसं असं: वाढणाऱ्या फांदीला चढायला मांडव लागतो. आवरणारा नसेल तर प्लाझ्मिन तो मांडवच खाऊन टाकतं. मग वेल चढणार कशावर? पाय-१ मोजकं असेल तर वाहिन्या वाढतात, औषधासारखं भरमसाट दिलं तर थांबतात.

रुग्णांतही हे दिसतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाठीत यूपीए आणि पाय-१ दोन्ही जास्त असले तर तो आजार पुढे त्रास देण्याची शक्यता जास्त. नुसत्या नावावरून पाय-१ हा "कॅन्सरचा शत्रू" ठरला असता.

---

कोरडा_पाषाण | मंगळवार, संध्याकाळी ६:२२

थोडक्यात: कापणारं वाईट नाही, अडवणारं चांगलं नाही, थोडं असलं तर हे आणि जास्त असलं तर ते. मग शास्त्रज्ञ नक्की सांगतात काय? कुठलाही निकाल लागला तरी "संतुलन" म्हणून मोकळं व्हायचं. हे ज्योतिषासारखं वाटतंय.

---

ताम्रपट | मंगळवार, रात्री ९:३०

@कोरडा_पाषाण, टोमणा लागला, आणि योग्य ठिकाणी लागला. "संतुलन" हा आमच्याकडचा आळशी शब्द आहे. म्हणून आज नुसती घडलेली गोष्ट सांगतो.

१९७१ मध्ये ज्युडा फोकमन या शल्यचिकित्सकाने मांडलं की गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर ती एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढत नाही. ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनपर्यंतच, म्हणजे ०.१ ते ०.२ मिलिमीटर, झिरपतो, त्याच्या पलीकडची पेशी गुदमरते. त्यामुळे वाहिन्या रोखा, गाठ रोखली जाईल. बरीच वर्षं लोकांनी हे मनावर घेतलं नाही. मग घेतलं, ते जरा जास्तच.

एमएमपी अडवणारी औषधं बनवायला सोपी वाटली, कारण जस्ताला पकडणारा रेणू केला की झालं. बॅटिमास्टॅट आलं, पाठोपाठ गोळीतून घेता येणारं मॅरिमास्टॅट. उंदरांत छान. माणसांत? मॅरिमास्टॅटने खांदे आणि हात आखडले, सांधे दुखायला लागले, त्यामुळे मात्रा कमी करायची पाळी आली. जगण्याचा कालावधी म्हणावा तसा वाढला नाही. टॅनोमास्टॅटच्या चाचण्या तर १९९९ मध्ये थांबवाव्या लागल्या. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये औषध घेणाऱ्यांची गत नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा वाईट निघाली होती.

का फसलं? जस्त पकडणारा रेणू सगळ्याच जस्तवाल्यांना पकडतो. सुक्याबरोबर ओलंही जळलं. त्या कुटुंबातली काही एन्झाइम्स तर आपल्या बाजूने लढत होती. एमएमपी-८ नसलेल्या नर उंदरांना त्वचेच्या गाठी जास्त होतात, हे २००३ मध्ये कळलं, म्हणजे औषधं बनवून झाल्यावर. शिवाय चाचण्या झाल्या त्या बहुतेक आजार पसरून चुकलेल्या रुग्णांवर. भिंत फोडली जाते सुरुवातीला. चोर घरात शिरून स्थिरावल्यावर खिडकीला गज लावून काय उपयोग?

एमएमपी रोखण्यासाठी म्हणून अमेरिकेत मंजुरी मिळालेलं औषध शेवटी एकच राहिलं, आणि ते कॅन्सरचं नाही. डॉक्सिसायक्लिन, तेच जुनं प्रतिजैविक, पण २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे जंतू मरणार नाहीत इतक्या कमी मात्रेत. १९९८ मध्ये हिरड्यांच्या आजारासाठी. कॅन्सरवर निघालेली वरात हिरडीपाशी थांबली.

तर ज्योतिषाशी फरक इतकाच: ज्योतिषी चुकला तर चाचणी थांबवत नाही.

---

कोरडा_पाषाण | मंगळवार, रात्री ९:५१

शेवटचं वाक्य घेतलं. बसतो.

---

मृगजळ | मंगळवार, रात्री ११:१५

एवढं सगळं असताना कुणी शार्कच्या कूर्चेबद्दल बोलत नाही! कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, कारण तिच्यात अवरोधक असतात. शार्कचा तर सगळा सांगाडाच कूर्चेचा, म्हणून शार्कला कॅन्सर होत नाही. पावडर मिळते. पण यात पेटंट नाही म्हणून कंपन्या दाबून ठेवतात.

---

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ४:१०

ड्यूटीवर आहे, म्हणून त्रोटक लिहिते.

तुमचा पहिला मुद्दा खरा आहे. कूर्चेत अवरोधक आहेत, ते १९७० च्या दशकात फोकमनच्याच गटाने दाखवलं, आणि १९९० मध्ये कूर्चेतून शुद्ध केलेला एक अवरोधक टिम्पसारखा निघाला. तिथून पुढे सगळं घसरतं. शार्कना कॅन्सर होतो, कूर्चेचासुद्धा. तो अवरोधक हे प्रथिन आहे, खाल्लं की पोट त्याचे तुकडे करतं. आणि दाबून कुणी ठेवलेलं नाही: शार्कच्या कूर्चेच्या अर्काची फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ३७९ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, २०१० मध्ये छापून आली. अर्क घेणारे आणि न घेणारे यांच्या आयुष्यात फरक पडला नाही.

पावडरच्या नादात केमोची तारीख चुकवलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून चिडून लिहिलं असेल तर माफी.

---

मृगजळ | बुधवार, सकाळी ९:०२

चिडलेलं नाही वाटलं. चाचणीचं माहीत नव्हतं.

---

ताम्रपट | बुधवार, सकाळी ९:४०

कूर्चेचा विषय निघालाच आहे तर त्याची दुसरी बाजू. लहानपणी हाड लांब होतं ते टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्टीत. ती कूर्चा पिकते, मग तिच्यात रक्तवाहिन्या घुसतात आणि मागोमाग हाड भरतं. हा घुसण्याचा परवाना एमएमपी-९ देतं. ते नसलेल्या उंदरांत १९९८ मध्ये दिसलं की वाहिन्या वेळेवर येत नाहीत आणि कूर्चेची पट्टी जाडच जाड होत जाते. पुढे ते उशिरा का होईना भरून निघतं. एमटी१-एमएमपी नसेल तर मात्र उंदीर खुजे राहतात, हाडं बिघडतात आणि ते फार जगत नाहीत. "कॅन्सरचं एन्झाइम" असं काही नसतं. आपण उंच झालो ते याच कात्र्यांमुळे.

---

जिज्ञासा_२ | बुधवार, दुपारी १२:३०

अजून एक बाळबोध प्रश्न. मुळात हाक येते कुठून? ऑक्सिजन कमी पडतोय हे पेशीला कळतं कसं?

---

सूक्ष्मदर्शी | बुधवार, दुपारी १:१५

तेही एन्झाइमच सांगतं! प्रोलिल हायड्रॉक्सिलेज. एचआयएफ नावाचं एक प्रथिन पेशी सतत बनवत असते आणि हे एन्झाइम ऑक्सिजन वापरून त्याच्यावर शिक्का मारत असतं. शिक्का दिसला की व्हीएचएल नावाचं प्रथिन त्याला पकडतं, आणि एचआयएफ भंगारात. ऑक्सिजन भरपूर असताना एचआयएफचं आयुष्य पाचेक मिनिटांचं. ऑक्सिजन संपला की शिक्का मारायला शाईच उरत नाही. एचआयएफ साठतं, केंद्रकात जातं आणि व्हीईजीएफचं जनुक चालू करतं. केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल याच कामासाठी.

इथे एन्झाइम अडवलं की वाहिन्या कमी होत नाहीत, वाढायचा निरोप सुटतो. या एन्झाइमचे अवरोधक आज औषध म्हणून वापरात आहेत, मूत्रपिंडाच्या आजारातल्या रक्तक्षयासाठी. रॉक्साडुस्टॅट त्यातलंच. एचआयएफ वाढलं की तांबड्या पेशी बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिनही वाढतं, म्हणून.

---

उगाचच | बुधवार, दुपारी १:३२

म्हणजे कमी कळलं तरी सही करणारा कारकून आणि शाई संपली की फाइल सरळ साहेबाच्या टेबलावर. हे मला पटलं, रोज बघतो.

---

आजीची_नात | बुधवार, संध्याकाळी ७:४५

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. आजीला डोळ्याच्या पडद्यामागे नव्या रक्तवाहिन्या झाल्यात म्हणून दर काही आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन देतात. ते याच प्रकारातलं का? आणि आजी रोज विचारते, डोळ्यात सुई कशाला, गोळी नाही का देता येत?

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री ८:३०

@आजीची_नात, हो, याच प्रकारातलं. फक्त ते एन्झाइमचा अवरोधक नाही. व्हीईजीएफचा निरोप वाटेतच पकडणारं प्रथिन आहे, बहुधा अँटिबॉडी किंवा तिचा तुकडा. प्रथिन असल्याने गोळीतून दिलं तर पचून जाईल, वरच्या शार्कसारखंच.

दुसरं कारण, ते शिरेतून सगळ्या अंगात द्यायचं तर किंमत मोजावी लागते. मोठ्या माणसाच्या शरीरालाही थोडा व्हीईजीएफ रोज लागतो. तो वाहिनीच्या अस्तरातलं ईएनओएस हे एन्झाइम चालू ठेवतो, त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि वाहिनी सैल राहते. व्हीईजीएफ पूर्ण अडवला की रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिनं जातात, जखमा भरायला वेळ लागतो. कॅन्सरसाठी बेव्हासिझुमॅब शिरेतून देतात तेव्हा मोठ्या ऑपरेशननंतर निदान २८ दिवस थांबतात ते यामुळेच. डोळ्यात टाकलेली मात्रा अगदी थोडी असते आणि बरीचशी तिथेच राहते.

आजींना सांगा, सुई टोचण्याआधी डोळा बधिर करतात, आणि तारीख चुकवू नका. बाकी शंका त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. इथलं वाचून काही बदलू नका.

---

सूक्ष्मदर्शी | बुधवार, रात्री ९:१०

डोळ्याचा विषय आलाय म्हणून भर. सॉर्सबी फंडस डिस्ट्रॉफी नावाचा दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. साधारण चाळिशीच्या आसपास मधली नजर जाते, पडद्याखाली नव्या वाहिन्या फुटतात. १९९४ मध्ये कारण सापडलं: टिम्प-३ च्या जनुकातला बिघाड. आपल्या धाग्यातला तोच अवरोधक! बिघडलेलं टिम्प-३ एकमेकांना चिकटतं आणि पडद्यामागच्या पातळ थरात साचून राहतं. अवरोधक साचलेलाय, तरी वाहिन्या फुटतायत.

अवांतर: डोळ्याची बाहुली दिसते त्यावरचा पारदर्शक भाग, कॉर्निया, त्यात रक्तवाहिन्या नसतात. कारण तिथे व्हीईजीएफचा एक सुटा, विरघळणारा ग्राहक भरून ठेवलेला असतो. तो निरोप गिळतो आणि पुढे काहीच पाठवत नाही. हे २००६ मध्ये सिद्ध झालं. मॅनाटी नावाच्या समुद्रगायीच्या कॉर्नियात हा ग्राहक नाही, आणि तिच्या कॉर्नियात खरोखरच रक्तवाहिन्या असतात.

---

आजीची_नात | बुधवार, रात्री ९:२८

खूप आभार ताई. आजीला वाचून दाखवलं. सुईपेक्षा तिला समुद्रगायीचं जास्त वाईट वाटलं.

---

कोरडा_पाषाण | गुरुवार, सकाळी ८:०५

परत आलो. एक मुद्दा तुम्ही तिघांनीही टाळलात. शरीर स्वतः वाहिन्या थांबवतं ते कशाने? सगळे अवरोधक टिम्प आणि पाय एवढेच?

---

ताम्रपट | गुरुवार, सकाळी ९:२०

टाळला नव्हता, सगळ्यात आवडती गोष्ट शेवटी ठेवली होती.

शल्यचिकित्सकांना जुना अनुभव होता: कधी कधी मूळ गाठ काढली की दूरच्या बारीक गाठी एकदम वाढायला लागतात. म्हणजे मूळ गाठच काहीतरी सोडून त्यांना रोखत असावी. फोकमनच्या प्रयोगशाळेत मायकेल ओ'रायली यांनी उंदरांत हेच घडवून पाहिलं, आणि मूळ गाठ असतानाच्या उंदरांचं मूत्र गोळा करत बसले. त्या मूत्रातून १९९४ मध्ये निघालं अँजिओस्टॅटिन. त्याची रचना पाहिली तर तो प्लाझ्मिनोजेनचा तुकडा! सूक्ष्मदर्शींनी वर सांगितलेलं तेच प्लाझ्मिनोजेन. अख्खं असताना ते वाहिन्या थांबवत नाही. एन्झाइमने कापलं की त्यातून थांबवणारा तुकडा सुटतो. मॅक्रोफेज या भक्षक पेशींमधलं एमएमपी-१२ हे कापणाऱ्यांपैकी एक.

तीन वर्षांनी एंडोस्टॅटिन. तो कोलॅजेन-१८ च्या टोकाचा तुकडा. मग टम्स्टॅटिन, कोलॅजेन-४ चा तुकडा, आणि तो सोडवणाऱ्यांत एमएमपी-९ आहे. पहिल्या दिवशीचं आठवा: व्हीईजीएफ मोकळा करून वाहिन्यांना बोलावणारं एमएमपी-९ हेच. भिंत फोडताना जो राडारोडा पडतो त्यातच "आता पुरे" अशी चिठ्ठी असते.

या तुकड्यांची औषधं करायचा प्रयत्न झाला. १९९८ मध्ये वर्तमानपत्रांनी इतका गाजावाजा केला की रुग्णांचे फोन आवरेनात. पुढे माणसांत परिणाम बेताचाच निघाला. एंडोस्टॅटिनच्या एका सुधारित रूपाला चीनने २००५ मध्ये मंजुरी दिली.

---

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ९:५५

कोलॅजेन-१८ चं जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे. डाउन सिंड्रोममध्ये त्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात, रक्तात एंडोस्टॅटिन जास्त आढळतं, आणि या व्यक्तींत स्तन-आतड्यासारखे गाठींचे कॅन्सर कमी दिसतात. रक्ताचा कॅन्सर मात्र जास्त. एंडोस्टॅटिन हे एकटं कारण नाही, त्याच गुणसूत्रावर दुसरेही उमेदवार आहेत. पण वॉर्डात हे आठवतं.

---

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, सकाळी १०:३०

आणि एक उलटं टोक. फुटणाऱ्या फांदीत सगळ्यात पुढची पेशी वाट काढते आणि शेजारणींना नॉच नावाच्या ग्राहकातून सांगते, "मी पुढे आहे, तुम्ही मागेच थांबा." हा निरोप आत पोचायला गॅमा-सिक्रिटेज या एन्झाइमने नॉच कापावा लागतो. २००६-०७ मध्ये लोकांनी हा निरोप तोडून पाहिला. सगळ्याच पेशी पुढारी झाल्या! वाहिन्या कमी नाही, उलट कितीतरी जास्त, पण नुसता गुंता. रक्त नीट वाहीना आणि उंदरातली गाठ उपाशी. वाहिन्या वाढवून गाठ रोखली.

---

उगाचच | गुरुवार, सकाळी १०:४१

सगळेच पुढारी आणि काम ठप्प. हे सांगायला उंदीर कशाला मारले?

---

जिज्ञासा_२ | गुरुवार, दुपारी २:१०

शेवटचा प्रश्न, नक्की शेवटचा. जखम भरताना एवढ्या वाहिन्या फुटतात. जखम भरल्यावर त्या जातात कुठे?

---

ताम्रपट | गुरुवार, रात्री ९:०५

बऱ्याचशा मोडल्या जातात, आणि मोडणारीही एमएमपीच. प्रयोगशाळेत जेलमध्ये वाढवलेल्या वाहिन्यांवर हे नीट पाहिलं गेलंय. प्लाझ्मिन एमएमपी-१ आणि एमएमपी-१० चं म्यान काढतं, त्या भोवतालचा मांडव कापतात आणि नळी कोसळते. वाचतात त्या वाहिन्या ज्यांना पेरिसाइट पेशी बाहेरून बिलगल्यात. पेरिसाइट टिम्प-३ सोडतात, एंडोथेलियल पेशी टिम्प-२, आणि दोघांच्या पहाऱ्यात नळी टिकते. म्हणजे वाहिनी फुटताना जो अवरोधक आड येतो, तोच ती झाल्यावर तिला राखतो.

हे डोळ्यांनी दिसतंही. ताजा व्रण लालबुंद असतो, कारण त्याच्याखाली केशवाहिन्यांची दाटी असते. महिने जातात, वाहिन्या मोडतात आणि व्रण फिका पडत जातो.

---

उगाचच | गुरुवार, रात्री ९:१९

गुडघ्यावरचा शाळेतला व्रण पाहिला. पांढराफटक. कोपरावरचा गेल्या महिन्यातला अजून लाल आहे.